पुस्तकात १००, थर्मामीटरवर ९८

प्रश्न : आदरणीय बाई, मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. सातवीच्या वर्गात ५२ मुलं आहेत. गुणी आहेत, पाठांतर चोख आहे. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतात. पण तेच कारण तोंडी, स्वतःच्या शब्दांत सांग म्हटलं की माना खाली जातात. परवा पाणी उकळण्याचा प्रयोग गटागटानं करून घेतला. सगळ्या गटांनी वहीत १०० अंश लिहिलं. (आमचे थर्मामीटर जुने आहेत, सगळे ९८ च्या आसपासच थांबतात.) मग मी विचारलं, पाणी उकळायला लागल्यावर थर्मामीटर पुढं का सरकत नाही? एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पुस्तकात तसंच आहे.” मला पुढं बोलायलाच सुचेना. प्रयोग करूनही मुलांना समजत नसेल तर काय करावं? शिवाय पोर्शन पुरा करायचा घोर आहेच.
— एक शिक्षिका

उत्तर :

मॅडम,

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. तिथूनच सुरुवात करते.

तुमचे थर्मामीटर बहुतेक बरोबर आहेत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. जितकं वर जावं तितकी डोक्यावरची हवा कमी, तिचा दाब कमी, आणि पाणी उकळायला लागणारं तापमानही कमी. ३०० मीटरला साधारण १ अंश असा ढोबळ हिशेब धरला, तर आपल्याकडं पाणी ९८ च्या जवळपास उकळायला हवं. तुमच्या ५२ मुलांनी डोळ्यांनी नेमकं तेच बघितलं आणि वहीत १०० लिहिलं. तसं लिहा म्हणून तुम्ही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आपण बघितलेल्यापेक्षा छापील आकडा खरा, हे मुलं सातवीत येईपर्यंत न शिकवताच शिकलेली असतात. मला वाटतं तुमची अडचण इथं आहे. ती मुलांच्या बुद्धीची नाही आणि भाषेचीही नाही. स्वतः बघितलेलं खोडून जो पुस्तकातलं लिहितो, त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दांत सांगण्यासारखं उरतं तरी काय?

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की हे ९८ चं कोडं मुलांना सोडवून देऊ नका. ‘कोल्हापूर उंचावर आहे’ हे वाक्य निदान आठवडाभर ओठांवर येऊ देऊ नका. फार अवघड जातं, मला माहीत आहे. पण तुमच्या हाती आयता असा प्रश्न लागलाय, ज्याचं उत्तर त्या धड्याच्या खाली छापलेलं नाही.

फळ्यावर दोन आकडे लिहा, १०० आणि ९८. आणि विचारा, मधले २ अंश गेले कुठं?

पहिल्यांदा शांतता असेल. ती मोडू नका. मग एकेक येईल : थर्मामीटर बिघडलाय, आच कमी होती, पाणी नीट उकळलंच नव्हतं, आमचं पाणी बोअरचं आहे. यांतल्या एकालाही ‘चूक’ म्हणू नका आणि ‘बरोबर’ही म्हणू नका. फक्त पुढचा प्रश्न टाका : हे खरं की खोटं, ते आपल्याला कसं कळेल?

थर्मामीटर बिघडलाय म्हणणाऱ्याला बर्फ द्या. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून थर्मामीटर बुडवून ठेवायचा. वितळत्या बर्फात तो ० वर आला, तर बिचाऱ्यावरचा निम्मा आळ गेला. आच कमी होती म्हणणाऱ्याला आच वाढवू द्या. पाणी जोरात खळखळेल, वाफ जास्त येईल, आकडा तिथंच राहील. इथं तुमच्या मूळ प्रश्नाचंही दार उघडतं. जास्तीची उष्णता तर दिली, मग ती गेली कुठं? भांड्यातलं पाणी कमी झालेलं मुलांना दिसतंच. उष्णता पाणी आणखी तापवण्यात न जाता पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली, हे त्यांच्या तोंडून येऊ शकतं. ‘अप्रकट उष्मा’ हा शब्द त्यानंतर द्या, आधी नको.

बोअरच्या पाण्याचा मुद्दा फार चांगला आहे, तो जपून हाताळा. एका भांड्यात जारचं पाणी, एकात बोअरचं, आणि तिसऱ्यात मूठभर मीठ घातलेलं. मिठाच्या पाण्याचा आकडा वर सरकतो. म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळं उत्कलनांक (उकळण्याचं तापमान) वाढतो, कमी होत नाही. संशयित सापडला होता, पण तो उलट्या दिशेला गेला. अशा वेळी मुलांचे चेहरे बघत राहा. स्वतःचा अंदाज स्वतःच्या हातानं खोटा ठरताना बघितलेलं मूल ती गोष्ट दहावीपर्यंत विसरत नाही.

एवढं करून सगळे वाटेवरचे संशयित सुटले, की मग एक दिवस सहज विचारा : रत्नागिरी-मालवणकडं कुणाचा मामा, कुणाची आत्या आहे का? वर्गात एकतरी निघेलच. तिथल्या शाळेतल्या एखाद्या सरांना फोन करून हाच प्रयोग करायला सांगा. समुद्रकाठी आकडा १०० जवळ येईल. सहल पन्हाळ्याला जाणार असेल तर स्टोव्ह आणि थर्मामीटर बरोबर न्या. तिथं कोल्हापूरपेक्षाही एखादा अंश कमी भरेल. समुद्र, कोल्हापूर, पन्हाळा हे तीन आकडे ओळीनं फळ्यावर आले, की ‘बाई, उंची!’ असं कुणीतरी ओरडणारच. ते तुम्ही सांगण्यात आणि त्यानं ओरडण्यात जो फरक आहे, त्याच्यासाठी आठवडा गेला तर जाऊ दे.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. ज्यांच्या नावानं आपण ‘अंश सेल्सिअस’ म्हणतो, त्या स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली. पाण्याचा उत्कलनांक हवेच्या दाबाप्रमाणं बदलतो, हे त्यांनी तेव्हाच बघून ठेवलं होतं. त्यांच्या मूळ पट्टीत उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० होते. पट्टी नंतर उलटी झाली. १०० हा आकडा ठरवणाऱ्या माणसालाच तो सगळीकडं सारखा नाही हे ठाऊक होतं. आपल्या वर्गात मात्र तो दगडावर कोरल्यासारखा झालाय.

आता सांगण्याबद्दल. मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत सांगा’ एवढंच म्हटलं तर ती गोंधळतात, कारण सांगायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. मी माझ्या वर्गात तीन शब्द वापरत असे : दावा, पुरावा, दुवा. दावा म्हणजे मी काय म्हणतोय. पुरावा म्हणजे मी काय बघितलं किंवा मोजलं. आणि दुवा म्हणजे त्या पुराव्यावरून तो दावा कसा निघतो. पहिले दोन मुलं पटकन करतात. अडतं ते दुव्यावर. ‘कोल्हापूर उंचावर आहे, म्हणून पाणी ९८ ला उकळतं’ यात दावाही आहे, पुरावाही आहे, पण मधला पूल नाही. ‘म्हणून’ या एका शब्दावर सगळा भार टाकलेला असतो. तिथंच बोट ठेवायचं : उंचीनं पाण्याला काय केलं?

एकदा याच प्रश्नावर एक मुलगी उभी राहिली. बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “पाणी वर उडाय बघतंय, आन् हवा त्येला दाबून धरती. हितं हवा जरा कमी दाबती, मग पाणी लवकर सुटतंय.” मॅडम, यापेक्षा चांगला दुवा मला कुठल्याही गाईडात सापडलेला नाही. ‘वातावरणीय दाब’ हा शब्द त्यात नाही, पण त्या शब्दाच्या पोटात जे आहे ते सगळं आहे. मी तिचं वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, आणि त्याखाली पुस्तकी शब्द जोडून दिले.

यावर एक कळकळीचं सांगणं आहे. आपल्याकडच्या मुली ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात. मुलं ‘लई’ म्हणतात, ‘व्हय’ म्हणतात. विज्ञानाच्या तासाला कारण सांगता सांगता त्यांची भाषा सुधारू नका. मूल विचार करत असतं तेव्हा ते घरच्या बोलीत करतं. मधेच ‘गेलो नाही, गेले म्हण’ असं टोकलं, की मुलगी व्याकरण दुरुस्त करते आणि विचार हातातून सुटतो. प्रमाण भाषेत लिहायला शिकवायचंच आहे, पण ते दुसऱ्या फेरीत.

आता मी केलेली एक चूक सांगते, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून.

बरीच वर्षं झाली. आठवीला उत्कलनांक शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, काईल शंभराच्या वर तापती.” त्याच्या घरचं गुऱ्हाळ होतं; काईल म्हणजे तिथली उसाचा रस आटवायची मोठी कढई. मी म्हणाले, उकळणाऱ्या द्रवाचं तापमान उत्कलनांकाच्या वर जात नाही, खाली बस. तो बसला नाही. म्हणाला, “उकळत्या पाण्याचा शितोडा उडाला तर नुसता चटका बसतोय, काकवीचा उडाला तर फोड येतोय.” मी सांगितलं, काकवी चिकटते म्हणून जास्त भाजतं. तेही खोटं नाही. आणि पुढं शिकवत राहिले. त्या मुलानं त्यानंतर बरेच दिवस हात वर केला नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली आणि त्याच्या वडिलांनी आम्हा शिक्षकांना गरम गूळ खायला बोलावलं. त्याचं बोलणं मनात सलत होतं, म्हणून जाताना मी प्रयोगशाळेतला लाल अल्कोहोलचा थर्मामीटर पिशवीत टाकला. काईल उतरायला आली होती. गुळव्यानं पळीनं थोडा पाक काढला, थंड पाण्यात सोडला आणि बोटांनी त्याची गोळी वळते का बघितलं. मी त्याला एक स्टीलचा पेला भरून द्यायला सांगितलं आणि त्यात थर्मामीटर धरला. १०० गेले. १०५ गेले. १०८ ला मी घाबरून बाहेर काढला, कारण नळीवर आकडेच ११० पर्यंत होते. मुलगा शेजारी उभा होता. ‘बघा बाई’ म्हणाला नाही. नुसता त्या लाल रेघेकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आकडा मी वर्गात त्यालाच सांगायला लावला, आणि तो बरोबर होता, मी त्याचं ऐकून घ्यायला हवं होतं, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. साध्या पाण्याचा उत्कलनांक साखर विरघळली की वाढतो. रस आटत जातो, साखर दाटत जाते, तसा आकडा चढत जातो. वर मिठाच्या पाण्याचं जे सांगितलं ते हेच. त्या मुलाजवळ दावा होता, अंगावर फोड आलेला पुरावा होता. दुवा तेवढा नव्हता, आणि तो जोडून देणं माझं काम होतं.

गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या मुलांना तिथंच न्या. आठवीपर्यंतचं निम्मं विज्ञान त्या एका आवारात आहे. माझा तिथला सगळ्यांत आवडता प्रश्न उसाच्या वजनाचा. हातभर कांडं लावलं, वर्षा-दीड वर्षात डोक्याच्या वर ऊस. हे वजन आलं कुठून? शेतकऱ्यांचीच मुलं, तडफेनं सांगतात : मातीतून, खतातून. मग हिशेब मांडायला लावा. एकरी ४० टन ऊस निघाला म्हणू. युरियाची गोणी ४५ किलोची. सगळ्या खतांच्या मिळून किती गोण्या टाकल्या, हे घरी विचारून यायचं. बेरीज १ टनाच्या आसपाससुद्धा पोचत नाही. आणि मातीतून आलं म्हणावं तर इतक्या वर्षांत रानाचा खड्डा व्हायला हवा होता. कुणी म्हणेल पाणी. ते बरंचसं खरं आहे, उसाचा साधारण ७० टक्के भाग पाणीच असतो. मग चिपाडं वाळल्यावरही जे उरतं, ते कशाचं?

इथं आजच्या बेल्जियमच्या भागातल्या व्हॅन हेल्मॉन्ट यांची गोष्ट सांगा. त्यांनी २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम २ औंस घटली. त्यांनी निष्कर्ष काढला, झाड पाण्याचंच बनलंय. हे १६४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. पुरावा उत्तम होता आणि दावा चुकला, कारण झाडाभोवतीची हवा त्यांनी हिशेबात धरली नाही. ‘गॅस’ हा शब्द ज्यांनी जगाला दिला, तेच हे गृहस्थ! लाकूड जळताना निघणारा वायू त्यांनी ओळखला होता. तोच वायू झाडात शिरतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. मुलांना हे ऐकून किती धीर येतो बघा. चुकणं म्हणजे मठ्ठ असणं नव्हे, हे व्याख्यान देऊन कळत नाही.

मग मुलांना चुलवणाशी, म्हणजे काईलीखालच्या भट्टीशी, उभं करा, अंतर राखून. दिवसभर ढिगानं चिपाडं आत जातात आणि राख निघते थोडीशी. बाकीचं गेलं कुठं? धुराड्यातून हवेत. जे हवेत गेलं ते आलंही हवेतूनच असेल का? प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या या प्रश्नानंतर वाचायला लावा. तीच ओळ असते, पण मुलं ती वेगळ्याच नजरेनं वाचतात. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्के असतो हे कळल्यावर तर कुणालाच पटत नाही. न पटू दे. तो वाद घरापर्यंत गेला पाहिजे.

समज पक्की झाली का, हे बघायची माझी एकच कसोटी आहे : त्या समजुतीवरून मुलाला पुढचं सांगता येतं का? आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं घ्या. परंपरेनं ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात. मुलांना फक्त नोव्हेंबरच्या तारखा द्या. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकतो आणि मग परततो, एवढं त्यांना येतंय. मग तो मावळतीला त्याच जागी पुन्हा कधी येईल? १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४१ दिवस. पुढं आणखी ४१ दिवस मोजले की ३१ जानेवारी. मुलं स्वतः मोजून तिथं पोचतात आणि मग मोठ्या माणसांना विचारून तारीख पडताळतात. ज्यांनी हे मंदिर बांधलं त्यांनी सूर्याकडं किती वर्षं बघितलं असेल, हा प्रश्न मी कधीच विचारला नाही. दरवर्षी कुणीतरी मूलच विचारतं.

पोर्शनबद्दल थोडक्यात. सगळे धडे असे शिकवता येणार नाहीत, प्रयत्नही करू नका. वर्षातले चार किंवा पाच प्रश्न निवडा आणि त्यांना भरपूर वेळ द्या. बाकीचे नेहमीसारखे घ्या. चाचणीत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ राहू दे, पण एखाद्या वेळी मुलांना तयार कारण देऊन त्यातला हरवलेला दुवा शोधायला लावा, किंवा एक चुकीचं कारण देऊन ते खोटं ठरवायला कुठला प्रयोग कराल ते विचारा. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून येत नाही. ५२ जणांना बोलतं करायचं म्हणून चौघाचौघांचे गट पाडा, आणि गटात जो सगळ्यांत कमी बोलतो त्यानंच शेवटी सांगायचं असा नियम करा. बाकीचे तिघे त्याला शिकवायला जिवाचं रान करतात.

आणि ‘पुस्तकात तसंच आहे’ म्हणणाऱ्या त्या मुलीवर रागावू नका. ती प्रामाणिक आहे. बाकीच्यांनीही तेच केलं होतं, बोलून दाखवायचं धाडस तिनं केलं. बर्फाचा प्रयोग तिच्याच हातून करून घ्या. बर्फ शाळेजवळच्या रसवंतीत मिळेल, किलोभर पुरे. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका आणि रेघ पूर्ण थांबेपर्यंत थांबा. काय आकडा आला, आणि त्यावर मुलं काय काय म्हणाली, ते मला लिहून कळवा. चुकीची उत्तरंसुद्धा लिहा, ती मला आधी वाचायची आहेत.